निखारे

४ मे २०२५. पुनरुत्थानकाळातील तिसरा रविवार. पोप फ्रान्सिस ह्यांना प्रभूघरी जाऊन तेरा दिवस झाले होते. आम्ही दोघे, थोरली बहीण आणि धाकटा भाऊ, नेहमीप्रमाणे देवळात शेजारी शेजारी बसलो होतो. शुभवर्तमान योहानाच्या एकविसाव्या अध्यायातले होते. रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हातांनी परतणारे शिष्य, पहाटे किनाऱ्यावर उभे असलेले प्रभू येशू, आणि कोळशाच्या विस्तवावर ठेवलेली मासळी व भाकर. प्रवचनात धर्मगुरूंनी एक बारीकशी गोष्ट सांगितली. ह्या कोळशाच्या विस्तवासाठी मूळ ग्रीक भाषेत जो शब्द आहे तो सबंध नव्या करारात दोनच ठिकाणी येतो, आणि दोन्ही वेळा योहानाच्याच शुभवर्तमानात. एकदा प्रमुख याजकाच्या अंगणात, जिथे शेकत उभ्या असलेल्या पेत्राने आपल्या गुरूला ओळख दाखवली नाही. आणि एकदा इथे, किनाऱ्यावर.

आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही. पाहण्याचे धैर्य झाले नाही, असे म्हणणे अधिक खरे होईल.

ती १९७९ सालची गोष्ट. आम्ही दोघे मुंबईत एकाच कॉलेजात होतो. थोरली शेवटच्या वर्षाला, धाकटा पहिल्या. आपल्या वसईच्या कितीतरी माउल्यांप्रमाणे आमची आईही वाडीतली भाजी घेऊन दादरच्या बाजारात जात असे. पहाटेची लोकल, लाल लुगडे, डोक्यावर पाटी. आमच्या फीचे पैसे ती कमरेच्या चंचीतून काढून मोजून देई, आणि त्या नोटांना मेथीचा वास असे. कॉलेजच्या खिडकीत त्या नोटा सरकवताना कारकुनाला तो वास येईल, ह्याची आम्हाला तेव्हा केवढी धास्ती वाटे!

उपवासकाळातला शुक्रवार होता. मित्रमैत्रिणींच्या घोळक्यात आम्ही दादरच्या पुलावरून चाललो होतो. समोरून आई आली. पाटीत वालपापडी आणि केळीचे दोन घड होते. गर्दीत अवचित आपली लेकरे दिसावीत ह्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर उमटला आणि तिने आपल्या बोलीत आमची घरची नावे घेऊन हाक मारली. घोळक्यातल्या कुणीतरी विचारले, "कोण ग त्या? तुमच्या ओळखीच्या?" थोरली म्हणाली, "गावाकडची कुणी असेल." धाकट्याने मान हलवून दुजोरा दिला. मित्रांपैकी कुणी हसले नव्हते, कुणी हिणवलेही नव्हते. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे अनेक वर्षे आम्ही मनाशी त्यांच्या हसण्याची सबब तयार करून ठेवली होती.

आई क्षणभर थांबली, मग पाटी सावरून कठड्याच्या बाजूने निघून गेली. लूक लिहितो की कोंबडा आरवला तेव्हा प्रभूने वळून पेत्राकडे पाहिले. आमच्या आईने वळून पाहिले नाही. आम्हाला लाज वाटू नये म्हणून तिने पाहिले नसावे, हे कळायला आम्हाला स्वतःची मुले व्हावी लागली.

त्या संध्याकाळी क्रूसाची वाट आटोपून आम्ही घरी आलो तेव्हा ती चुलीपुढे बसली होती. निखारे पुढे ओढून त्यांवर तिने सुके बोंबील भाजायला टाकले होते. तव्यावर तांदळाची भाकरी फुगत होती. आम्ही मुकाट्याने बसलो. ती एवढेच म्हणाली, "भुकेले असाल, जेवून घ्या." बोंबलाचे मोठे तुकडे आमच्या ताटात घातले, शेपट्या स्वतःकडे ठेवल्या. पुलाविषयी अक्षरही काढले नाही. त्या दिवशी नाही आणि १९९७ साली डोळे मिटेपर्यंत नाही. फक्त पुढच्या आठवड्यापासून ती दादर सोडून वांद्र्याच्या बाजारात बसू लागली. तिकडे भाव बरा मिळतो, असे बाबांना सांगितले.

वाचकहो, ह्या पापाचे निवेदन आम्ही केले नव्हते असे नाही. इ. स. १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावे असा दंडक घातला, तो आम्ही कधी मोडला नाही. चौथी आज्ञा आली की आम्ही दोघेही म्हणत असू, "आईवडिलांचा अवमान केला." जाळीपलीकडून पापक्षमा मिळे, तीन 'नमो मारिया' म्हणून आम्ही बाहेर पडत असू. पापक्षमा खरीच होती, त्याविषयी आम्हाला शंका नाही. पण आम्ही त्या एका दुपारला सर्वसाधारण शब्दांच्या गर्दीत दडवले होते, जसे आईला पुलावरच्या गर्दीत. अपराधाला क्षमा मिळते. लाजेला आधी उजेडात यावे लागते. आम्ही दोघे भावंडे असूनही छेचाळीस वर्षांत ह्या विषयावर एकमेकांशी एक शब्दही बोललो नव्हतो. लाज माणसाला किती एकटे पाडते पाहा!

पेत्र आणि यहूदा ह्यांच्यात फरक कुठे होता, ह्याचा आम्ही अलीकडे पुष्कळ विचार करतो. पश्चात्ताप दोघांनाही झाला. यहूदाने तर तीस नाणी परत नेऊन दिली आणि आपण निरपराध माणसाला धरून दिल्याचे स्वच्छ कबूल केले. पण कबुली दिली ती ज्यांना त्याच्याशी काही देणेघेणे नव्हते अशांपाशी, आणि त्यांनी त्याला झिडकारले तेव्हा तो एकटाच निघून गेला. पेत्र रडला, पण इतरांत राहिला; पुन्हा होडीत बसला. प्रभूनेही त्याला जाब विचारला नाही. आधी न्याहारी दिली, मग तीनदा प्रेमाविषयी विचारले. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला वाईट वाटले, असे योहान लिहितो. वाटणारच. जखम उघडल्याशिवाय धुता कशी येणार?

मिस्सा संपल्यावर देवळाच्या आवारात धाकटा म्हणाला, "ताई, त्या दिवशी आईने बोंबीलच भाजले होते ना?" थोरलीने मान हलवली. मग आम्ही दोघे, साठी उलटलेली माणसे, आंब्याखालच्या बाकावर बसून रडलो. येणारेजाणारे पाहत होते. पाहू दिले.

पुढच्या शनिवारी आम्ही एकामागोमाग एक पापनिवेदनाला गेलो. ह्या वेळी जाळी टाळली आणि समोरासमोर बसलो. पूल, पाटी, मेथीचा वास, सारे सांगितले. संस्काराची गुप्तता धर्मगुरूंना बांधते, आम्हाला नाही, म्हणून हे लिहीत आहोत. धाकट्याला नेहमीच्या प्रार्थना मिळाल्या. थोरलीला मात्र फादरांनी विचारले, "तुमच्या नातवंडांना पणजी काय करायची हे ठाऊक आहे का?" तिला उत्तर देता आले नाही. आमच्या मुलांनाही आम्ही सांगितले होते की आजी 'वाडी बघायची'. म्हणजे पुलावरचे ते वाक्य आम्ही अजून बोलतच होतो! फादर म्हणाले, "मग त्यांना सांगा. हेच तुमचे प्रायश्चित्त."

मे महिन्याच्या सुटीत सगळी मुलेनातवंडे घरी जमली होती. जेवणे झाल्यावर आम्ही सांगितले, पुलासकट सांगितले. थोरलीचा आवाज अडखळला तिथे धाकट्याने पुढे नेले. मुले गप्प झाली. थोरलीच्या मुलाने मान खाली घातली, ती आमच्यामुळे की आजीमुळे, ते आम्हाला समजले नाही आणि आम्ही विचारलेही नाही. आठ वर्षांच्या नातीने मात्र विचारले, "ती पाटी कुठे आहे?"

पाटी माळ्यावर होती. धाकट्याने शिडी लावून खाली काढली. काठाची वीण सुटली होती, आत कोळ्याचे जाळे होते. नातीने ती पुसली आणि डोक्यावर ठेवून पाहिली. ती घसरू लागली. तेव्हा थोरलीने खांद्यावरचा टॉवेल घेतला, पिळून गोल केला आणि चुंबळ कशी बसवतात ते तिला दाखवले.