आधी पाणी, मग मासा

बीडमध्ये ड्वार्फ सिक्लिड हे छोटे मासे पाळायचे तर आधी पाणी सांभाळायला शिकावं लागतं. मासे दुकानातून तासाभरात घरी येतात, पाणी जमवायला पावसाळा लागतो. आमचं बोअर काळ्या पाषाणातून वर येतं. फरशीवर सांडून वाळलं की पांढरा डाग उरतो, हिटरच्या कॉइलवर क्षारांचं पुट चढतं, आणि उन्हाळ्यात टीडीएस मीटर हजाराच्या पुढचा आकडा दाखवतं. गप्पी, मोली या पाण्यात मजेत राहतात. पण माझा जीव जडलाय तो ड्वार्फ सिक्लिडांपैकी अ‍ॅपिस्टोग्रामावर, आणि हे मासे दक्षिण अमेरिकेतल्या अशा ओढ्यांतले, जिथे तळाशी पानांचा खच असतो आणि पाण्यात क्षार जवळजवळ नसतात.

देशी बदामाची वाळलेली पानं टाकली की पाण्याचा सामू उतरतो, असं सगळेच सांगतात. बोअरच्या पाण्यात मात्र कितीही पानं टाका, रंग लालसर होतो आणि सामू जागचा हलत नाही. पाण्यातले कार्बोनेट पानांतलं आम्ल गिळून टाकतात. त्यावर माझ्यापाशी एकच उपाय आहे, गच्चीवरचं पाणी. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे ९३ लिटर पाणी होतं. आपल्याकडे वर्षाचा पाऊस जेमतेम साडेसहाशे मिलिमीटर, पण माशांचे ड्रम भरायला एखादी चांगली सर पुरते. मी झाकणाचे निळे ड्रम भरून जिन्याखाली अंधारात ठेवतो, म्हणजे शेवाळ धरत नाही. नुसतं पावसाचं पाणीही चालत नाही. त्यात सामू तोलून धरणारं काहीच नसतं, तो एकदम घसरतो. म्हणून चार भाग पावसाचं, एक भाग बोअरचं.

हे सगळं कशासाठी, ते अ‍ॅपिस्टोग्रामा कॅकाटुऑइडीसची मादी पाहिली की कळतं. पाच सेंटिमीटरचा जीव. एरवी करड्या रंगाची, कोपऱ्यात वावरणारी. मी टाकीत फुटक्या माठाची खापरं उपडी घालून ठेवतो. त्यातलं एखादं ती निवडते, तोंडानं वाळू उपसून दार अरुंद करते आणि आत छताला अंडी चिकटवते. त्यानंतर ती हळदीसारखी पिवळीधमक होते, अंगावर काळे ठसठशीत डाग उमटतात. तिच्या दीडपट आकाराच्या नरालाही मग ती दारात उभं राहू देत नाही. आठवडाभरानं पिल्लं पोहायला लागली की ती त्यांना घेऊन बाहेर पडते. काही हललं की ती अंग झटकते आणि सगळी पिल्लं क्षणात तळाशी बसून वाळूत दिसेनाशी होतात. धोका टळल्यावर तिचा इशारा झाला की पुन्हा वर. या दिवसांत मी रोज आर्टेमियाची अंडी मिठाच्या पाण्यात उबवतो. दिवसभरात ती फुटतात, आणि त्या नारिंगी कणांनी भरलेली पिल्लांची पोटं भिंगाशिवायही दिसतात.

बाजारात विकायला येणारी चिलापीही याच सिक्लिड कुळातली. ती १९५२ साली भारतात आणली गेली आणि मग धरणाधरणांत पसरली. तिची मादी अंडी तोंडात धरून उबवते. लेकरांसाठी एवढं करणं हा या कुळाचाच गुण आहे.

आपल्याकडचा खरा पेच उन्हाळ्याचा. १९९६ साली रोमर आणि बायझनहर्त्स या जर्मन संशोधकांनी दाखवून दिलं, की अ‍ॅपिस्टोग्रामाच्या बहुतेक जातींत पिल्लं नर होणार की मादी हे पाण्याच्या तापमानावर बरंचसं ठरतं. २३ अंशांला माद्या जास्त, २९ अंशांला नर जास्त. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की टाकीचं पाणी सहज ३० अंशांवर जातं, आणि त्या विणीत नरच नर निघतात. म्हणून मी पिल्लं घेतो ती थंडीत. उन्हाळ्यात टाकी तळमजल्यावरच्या मधल्या खोलीत, वर झाकणाऐवजी जाळी आणि पाण्यावरून वाहणारा छोटा पंखा. यानं दोन-तीन अंश उतरतात, पाणी मात्र भराभर उडतं. उडतं ते पाणी, क्षार मागेच राहतात, त्यामुळे भर घालायची ती पावसाच्याच पाण्याची.

टँकरच्या रांगेतून आलेला शेजारी विचारतो, माणसाला पाणी नाही आणि माशांना कुठून? प्रश्न रास्त आहे. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, कारण लातूरची तहान भागवणारं आपल्या केज तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. अशा मुलखात दोनशे लिटरची टाकी मांडणं मला पटत नाही. ड्वार्फ सिक्लिडच्या एका जोडीला साठ लिटर पुरतात. आठवड्याला बारा लिटर बदलायचं, आणि काढलेलं पाणी तुळशीला, जास्वंदीला. नळाचं आणि टँकरचं पाणी टाकीत घालायचं नाही, हा आमच्या घरचा नियम आहे.

ज्यांना गच्ची नाही त्यांनी अ‍ॅपिस्टोग्रामाचा हट्ट सोडावा आणि नायजेरियाकडचा क्रिबेन्सिस आणावा. त्याला थोडं जड पाणी सोसतं, निम्मं आरओचं घातलं तरी भागतं. नारळाची करवंटी दिली की तो घर करतो, आणि विणीच्या वेळी मादीचं पोट जांभळट गुलाबी होतं. नको झालेले मासे मात्र बिंदुसरा नदीत किंवा विहिरीत सोडू नका, दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. आणि गच्ची असेल, तर मृगाच्या पहिल्या सरींनी ती स्वच्छ धुऊन निघू द्या, मग पन्हाळीखाली ड्रम लावा. मासे दिवाळीनंतर आणा.