कोणती कार्डं चालू ठेवायची

मी नर्सिंगचं जीएनएम नागपूरला केलं. वर्षभराचा क्रिटिकल केअरचा पोस्ट बेसिक डिप्लोमाही तिथेच केला. लग्न होऊन अहिवाऱ्याला आले, कारण हे नंदिनीच्या खाणीत कामाला आहेत. भिलाई स्टील प्लांटला लागणारी चुनखडी तिथे निघते. मला भिलाईतल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत नोकरी मिळाली आणि कागदपत्रांची पहिली अडचण तिथेच आली.

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन छत्तीसगडात नोकरी करायला पुरत नाही. मुंबईहून एनओसी घेऊन रायपूरच्या कौन्सिलमध्ये नाव चढवावं लागतं. माझ्या मार्कशीट आणि डिप्लोमा माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने. मग विवाहनोंदणीचा दाखला, प्रतिज्ञापत्र, पुन्हा अर्ज. फार दिवस गेले आणि तेवढा काळ मी धास्तावलेलीच होते. ज्या मुलींचं लग्न परराज्यात ठरलंय, त्यांनी माहेरी असतानाच एनओसीचा अर्ज टाकावा. पोस्ट बेसिक डिप्लोमाही जादा पात्रता म्हणून रजिस्टरमध्ये चढवून घ्यावा. एकदा चढला की तो दर दोन वर्षांनी रिन्यू करत बसावं लागत नाही.

कार्डांचं तसं नसतं. आयसीयूत असताना मी बीएलएस (मूलभूत जीवरक्षण) आणि एसीएलएस (हृदय बंद पडल्यावरचे प्रगत उपचार) केलं. पुढे लहान मुलांच्या केसेस येऊ लागल्या म्हणून पाल्स केलं. ही तिन्ही कार्डं अमेरिकन हार्ट असोसिएशनची, प्रत्येकाची मुदत दोन वर्षं. नंतर बाळंतपणाच्या विभागात बदली झाली, तेव्हा नवजात बाळांसाठीचं एनआरपी केलं. बीएलएसची फी हॉस्पिटल भरायचं. बाकीची आपल्या खिशातून. कोर्स बहुतेक रायपूरला आणि शनिवार-रविवारी. म्हणजे फी, बसभाडं, बदली ड्यूटी आणि घरी मुलाजवळ कोणीतरी हवं.

त्यात मला आणखी शिकायची ओढ होती. 9 ऑक्टोबर 2018 ला प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या गॅस पाइपलाइनचा स्फोट झाला. भाजलेल्या कामगारांना सेक्टर 9 च्या हॉस्पिटलात नेलं. आमच्या वस्तीत कित्येक घरांतली माणसं प्लांटला किंवा खाणीला जातात. त्या रात्री कोणी झोपलं नाही. त्यानंतर बराच काळ बर्न्स नर्सिंगचा डिप्लोमा करायचं माझ्या डोक्यात होतं. पण त्याला पूर्ण वर्ष द्यावं लागतं, आणि आमच्या हॉस्पिटलात जळिताचा वॉर्डच नाही. शिकून हात कुठे चालवणार? तो विचार सोडला. वाईट वाटलं, अजूनही कधीकधी वाटतं.

मग एका वर्षी सगळ्याच कार्डांची मुदत जवळजवळ एकदम संपत आली. त्याच सुमारास सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. सगळं रिन्यू करणं शक्य नव्हतं. कोणतं सोडायचं, हे मात्र ठरत नव्हतं. कार्ड गेलं तर आपली किंमत कमी होईल, ही भीती खरी होती.

मदत झाली ती आखाती देशात नोकरी करून आलेल्या एका सीनियर सिस्टरची. त्या म्हणाल्या, "बाहेर जायचं असेल तर बीएलएस, एसीएलएस चालू लागतंच, त्याशिवाय एजंट फाईल पुढे सरकवत नाही. तू जाणार आहेस का?" मी नाही म्हटलं. "मग महिनाभर वहीत लिही. ड्यूटीवर यातलं काय स्वतःच्या हाताने केलंस, एवढंच."

मी लिहीत गेले. पाल्सचा रकाना कोरा राहिला. एसीएलएसचाही जवळपास कोराच. एनआरपीचा भरत गेला. आमच्याकडे खेड्यांतून बायका महतारी एक्सप्रेस या रुग्णवाहिकेने येतात, सोबत मितानिन दीदी, म्हणजे गावची आरोग्यसेविका असते. कधी बाळ आडवं, कधी पाण्यात विष्ठा झालेली. बाळ रडलं नाही की पुसायचं, मानेची स्थिती नीट करायची, आणि तरी श्वास नसेल तर पहिल्या मिनिटातच अँबू बॅग लावायची. मास्क नाकातोंडावर घट्ट बसला पाहिजे. छाती उचलते का ते बघायचं. मिनिटाला 40 ते 60 श्वास. छाती उचलत नसेल तर आधी मास्क आणि मान तपासायची, घाईने छाती दाबायला जायचं नाही.

तेव्हा एक गोष्ट कळली. मोठ्या माणसाला 30 दाब आणि 2 श्वास. लहान मुलाला दोघं जण असतील तर 15 ला 2. नवजात बाळाला 3 ला 1. अॅड्रेनलिनचे डोसही तिन्हींचे वेगळे. जे रोज करत नाही ते परीक्षेपुरतं पाठ होतं आणि चार महिन्यांत डोक्यात एकात एक मिसळतं. कार्डावरची तारीख चालू असते, हात चालू नसतो. त्यात नियमही बदलत राहतात. 2010 मध्ये श्वासाच्या आधी छातीवर दाब आला, तेव्हा जुन्या सवयी मोडायला आम्हाला किती जड गेलं होतं.

एसीएलएस सोडताना मी सर्वांत जास्त अडखळले. बाळंतिणीचं हृदय बंद पडूच शकतं. रक्तस्राव, झटके, आम्ही सगळं पाहतो. मॅट्रन मॅडमशी बोलले. आयसीयूची टीम त्याच इमारतीत आहे, बोलावलं की ती येते. ती येईपर्यंत चांगले दाब देणं आणि गरोदर बाईचं पोट हाताने डावीकडे ढकलून धरणं, हे आमच्या हातात आहे. ते आम्ही बीएलएसच्या सरावात घेतलं. महिन्यातून एकदा ड्यूटी बदलताना वीसेक मिनिटं पुतळ्यावर सराव करतो. याला पैसे लागत नाहीत आणि मला सर्वांत जास्त उपयोग याचाच झाला.

शेवटी बीएलएस आणि एनआरपी ठेवलं. पाल्स आणि एसीएलएसची मुदत संपू दिली. कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मात्र या हिशोबात धरायचंच नाही, ते कधीही खंडित होऊ द्यायचं नाही. दर पाच वर्षांनी रिन्यू करताना सीएनईचे (नोकरीत असताना चालू ठेवायच्या नर्सिंग शिक्षणाचे) 150 तास दाखवावे लागतात. कोर्सची फी भरण्याआधी त्याला कौन्सिलची मान्यता आहे का आणि किती तास धरले जातील, ते विचारून घ्यावं. नाही तर शनिवार-रविवार जातो आणि खात्यात काही जमा होत नाही.

मुदत संपलेल्या कार्डांच्या झेरॉक्स मी फाईलमध्ये ठेवल्या आहेत, अनुभव दाखवायला त्या चालतात. पुन्हा आयसीयूत बदली झाली, तर बहुधा एसीएलएसचा दोन दिवसांचा पूर्ण कोर्सच करावा लागेल. ते मॅडमना आधीच सांगितलंय, आणि त्या वेळी फी हॉस्पिटलने भरावी असं अर्जात लिहून दिलंय.