ओहोटीचं मैदान

वेसाव्याच्या किनाऱ्यावरचं फुटबॉलचं मैदान कुठल्याच नकाशावर नाही. ते दिवसातून दोनदा उघडतं आणि दोनदा बुडतं.

पौर्णिमा-अमावास्येला मुंबईत भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणून ओहोटी संध्याकाळी सहाच्या सुमारास. उधाणाचं पाणी लांबवर मागे जातं आणि ओली, घट्ट वाळू मोकळी होते. अष्टमीला भांग, पाणी फार हटत नाही आणि संध्याकाळी नेमकी भरती. कोळीवाड्यातल्या पोराला हे शिकवावं लागत नसे. घरच्या होडीचा हिशोबही हाच.

मोसम पावसाळ्याचा. जूनमध्ये कॉलेजं उघडत, त्याच सुमारास होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारल्या जात. नारळी पौर्णिमेपर्यंत तरणी पोरं मोकळी, आणि मुंबईचा फुटबॉलही पावसातलाच. महायुद्ध संपलं तेव्हा या बाजूला जोगेश्वरीचं इस्माईल युसूफ कॉलेज होतं, १९३० सालचं. अंधेरीला भवन्स आलं १९४६ साली. विद्यापीठ मात्र दूर, फोर्टात. आणि मोठा सामना म्हणजे कूपरेज.

अनवाणी पाय. घोट्याला पट्टी, बाकी काही नाही. ३१ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिंपिकमध्ये आपला संघ फ्रान्सशी खेळला तेव्हा बहुतेक खेळाडू असेच उतरले होते. कर्णधार तालिमेरेन आओ. दोन पेनल्टी हुकल्या, रामनने एक गोल केला, आणि शेवटच्या मिनिटांत फ्रान्सने २-१ असा सामना नेला. स्वतंत्र देशाचा तो पहिला ऑलिंपिक फुटबॉल सामना. कॉलेजात खेळणाऱ्या, बूट न परवडणाऱ्या किती पोरांना त्या बातमीने बळ दिलं असेल! चार वर्षांनी हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने १०-१ असं हरवलं आणि मग बूट सक्तीचे झाले. ते योग्यच झालं, पाय वाचले. पण तळव्याने चेंडू ओळखण्याची विद्या तिथेच संपली.

चेंडू चामड्याचा. आत रबरी ब्लॅडर, तोंडाशी नाडी. पावसात पाणी पिऊन तो जड होई, आणि नाडीच्या बाजूने हेडर बसला तर कपाळावर वळ उठे. फाळणीआधी असे चेंडू सियालकोटहून येत. १९४७ नंतर तिथले कारागीर जालंधरला आले आणि तिथे पुन्हा शिवू लागले.

काही शब्द गेले. इनसाइड लेफ्ट. आउटसाइड राइट. सेंटर हाफ. पुढे पाच जण उभे राहत, त्या खेळाचे हे शब्द. बदली खेळाडूही नसे. कुणी लंगडला तर संघ दहा जणांनिशी खेळे.

कॉलेजनंतरची नोकरी गेली. चांगला खेळणाऱ्याला टाटा, कॅल्टेक्स, रेल्वे, गिरण्या बोलावून घेत. नेव्हिल डिसूझा याच मुंबईच्या फुटबॉलमधला. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्नला त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. भारत त्या स्पर्धेत चौथा आला. त्यानंतर आपण तिथवर कधीच पोचलो नाही. कॅल्टेक्सने १९५८ साली रोव्हर्स कप जिंकला. १८९१ साली सुरू झालेली ती स्पर्धा २०००-०१ नंतर झालीच नाही. महिंद्राने २०१० साली संघ बंद केला. या शहराने इतकी जुनी गोष्ट इतक्या सहज जाऊ द्यायला नको होती.

मैदानही जवळजवळ गेलं होतं. प्लास्टिकखाली वाळू दिसेना. २०१५ पासून अफरोज शाह आणि त्यांच्या सोबत्यांनी ते हातांनी उपसलं. आता ओहोटीला पुन्हा पोरं खेळताना दिसतात.

राहता राहिला तेव्हाच्या कॉलेज-संघाचा फोटो. मागची रांग उभी, मधली खुर्चीवर, पुढे दोघे मांडी घालून. मधोमध चेंडू, त्यावर खडूने मोसम लिहिलेला: १९४८-४९. अशा फोटोंत वर्ष सापडतं, नावं सापडत नाहीत. तुमच्या घरी आजोबांच्या कॉलेजच्या संघाचा असा फोटो असेल, तर ओळखणारं कुणी आहे तोवर विचारून घ्या, आणि मागे पेन्सिलीने अकराही नावं लिहून ठेवा.