दोन मनगटं आणि एक गुडघा

त्या आठवड्यात लिएंडर पेसच्या मनगटाची गोष्ट आमच्या घरात चार जणांनी सांगितली. सगळ्यात आधी खालच्या मजल्यावरचे काका आले. जिना चढून आल्यामुळे थोडा वेळ दम खात बसले, लेकीच्या उजव्या हाताच्या निळ्या पट्ट्याकडे बघितलं आणि म्हणाले, "घाबरून नाही राहायचं बाई. लिएंडरनं मनगट फाटलेलं असताना मेडल आणलं होतं, माहीत आहे ना?" दुसऱ्या दिवशी अमरावतीहून नणंदेचा फोन. मग तिच्या शाळेतले सर. आणि चौथी मी. रात्री तिच्या उशाशी बसून मीच पुन्हा तीच गोष्ट पहिल्यापासून सांगितली, जणू तिनं ती कधी ऐकलीच नव्हती.

गोष्ट खरी आहे आणि सुंदरही आहे. १९९६ सालचं अटलांटा ऑलिंपिक. जगात १२६ व्या क्रमांकावर असलेला लिएंडर वाइल्ड कार्डावर आत आला. उपांत्य सामन्यात आगासीकडून हरला, त्याच सामन्यात मनगटाच्या कंडरा दुखावल्या. कांस्यपदकासाठी ब्राझीलच्या मेलिजेनीशी पहिला सेट ३-६ असा गेला. पुढचे दोन ६-२, ६-४ असे जिंकले. हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत पदक मिळवलं १९५२ साली. त्यानंतर भारताला वैयक्तिक पदक मिळायला चव्वेचाळीस वर्षं लागली, आणि ते असं, दुखऱ्या हातानं. मराठी घरात खाशाबांचं नाव जोडलं की गोष्ट आणखीच आपली होते.

लेकीनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्याच्यानंतर त्याला कुठं खेळायचं होतं?"

मला उत्तर आलं नाही.

आमचा प्रश्न अगदी लहान होता. ऑलिंपिक नाही, विभागीय शालेय स्पर्धा. लॉन टेनिस, सतरा वर्षांखालील मुली, अमरावती विभाग. अकोला जिल्ह्यातून ती निवडली गेली होती आणि विभागाचे सामने एकोणीस दिवसांवर आले होते. तिथून निवड झाली तर राज्य. पुढच्या वर्षी ती एकोणीस वर्षांखालच्या गटात जाणार, म्हणजे तिच्याहून मोठ्या मुलींशी गाठ. राज्य पातळीवर खेळल्याचं प्रमाणपत्र म्हणजे बारावीला मिळणारे सवलतीचे गुण, आणि नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाच्या वाटेवरचं एक पाऊल. मध्यमवर्गीय आईबापांच्या डोक्यात खेळाबरोबर हा हिशोब चालूच असतो. तो नसल्याचं सोंग मी करणार नाही.

आणि मनगट दुखावलं त्यात माझाही हात होता. ऑगस्टपासून करंगळीच्या बाजूला दुखतं असं ती सांगत होती. सकाळी सहाला सिमेंटच्या कोर्टवर दीड तास, शाळा, संध्याकाळी पुन्हा भिंतीवर. मला वाटलं, सरावाचं दुखणं आहे, जाईल. जिल्ह्याच्या सामन्याच्या दिवशी जठारपेठेतल्या औषधाच्या दुकानातून क्रेप बँडेज आणि स्प्रे घेतला. बँडेज मी स्वतःच्या हातानं बांधलं, घट्ट. ती जिंकली. रात्री जेवताना भात डाव्या हातानं खात होती. मी विचारलं तर म्हणाली, "असंच." चमचा धरता येत नव्हता, हे तिच्या बाबांच्या लक्षात आलं, माझ्या नाही.

हाडांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कंडरा चांगलीच सुजली आहे. सहा आठवडे रॅकेट नाही. पुढे म्हणाले, "चौथ्या आठवड्यात दुखायचं थांबेल. खरी काळजी तेव्हा घ्यायची. दुखत नाही म्हणजे बरं झालं, असं नसतं." बाहेर आल्यावर मी बोटांवर मोजलं. स्पर्धा तिसऱ्या आठवड्यात होती.

लेकीच्या त्या प्रश्नानं मला झोप लागेना. लिएंडरला त्यानंतर कुठं खेळायचं होतं? कुठंच नाही. तो त्या स्पर्धेतला त्याचा शेवटचा सामना होता. त्यानंतर हात महिनाभर प्लास्टरमध्ये ठेवला असता तरी पदक गळ्यातच राहिलं असतं. शिवाय त्याचे वडील वेस पेस, मूळचे गोव्याचे, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकचे हॉकीतले कांस्यपदक विजेते, हे क्रीडावैद्यकातले डॉक्टर. गोष्ट सांगताना आपण मनगट सांगतो आणि नेमकं हे सोडून देतो.

मग मला दुसरं मनगट आठवलं. ते आमच्याकडे कुणीच सांगितलं नव्हतं.

२००८, बीजिंग. सानिया मिर्झा. मुंबईत जन्मलेली, हैदराबादला वाढलेली. आदल्या वर्षी एकेरीत जगात २७ व्या क्रमांकापर्यंत पोचलेली. त्या वर्षी तिच्या उजव्या मनगटावर शस्त्रक्रिया झाली होती. ऑलिंपिकला पात्र ठरली, गेली, पहिल्या फेरीत चेक प्रजासत्ताकाच्या बेनेशोवाविरुद्ध उतरली. पहिला सेट १-६ गेला, दुसऱ्यात १-२ असताना तिनं सामना सोडला. तेही ऑलिंपिकच होतं आणि तेही मनगटच. पण ही गोष्ट कुणी कुणाच्या मुलीला उशाशी बसून सांगत नाही. धैर्य कमी होतं म्हणून सामना सोडावा लागला, असं म्हणायची माझी तरी छाती नाही. तिची कंडरा तिच्या इच्छेचं ऐकत नव्हती, एवढंच.

त्याच्या पुढचं मला पक्कं आठवतं, कारण तेव्हा माझे दिवस भरत आले होते. २००९ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये सानियानं महेश भूपतीबरोबर मिश्र दुहेरी जिंकली. टीव्हीसमोर पाय वर करून बसून मी पाहिलं. त्याच स्पर्धेत मुलांच्या गटात दिल्लीचा एक पोरगा विजेता झाला, युकी भांबरी. ऑस्ट्रेलियात मुलांचं एकेरीचं विजेतेपद मिळवणारा पहिला भारतीय. काही दिवसांनी लेक झाली. तिची नऊ वर्षं भरायच्या आत आम्ही बालेवाडीला गेलो होतो, पुण्यात बहिणीकडे मुक्काम करून. जानेवारी २०१८, महाराष्ट्र ओपन पहिल्यांदाच पुण्यात होत होती. युकीला खेळताना पाहिलं आणि परतीच्या गाडीत नांदुऱ्याच्या आसपास ही म्हणाली, मला रॅकेट पाहिजे.

त्याच वर्षी युकी जगात ८३ व्या क्रमांकावर गेला. आणि त्याच वर्षी गुडघा दुखावून बाहेर पडला.

इथे टेनिसचा हिशोब समजून घ्यावा लागतो, कारण जखमी खेळाडूची मोठ्या स्पर्धेत जाण्याची शक्यता त्यावरच टिकून असते. टेनिसमध्ये मिळवलेले गुण बावन्न आठवडे टिकतात. मागच्या वर्षी याच आठवड्यात जे मिळवलं ते या वर्षी गळून पडतं. खेळत राहिलात तर नवे गुण जुन्यांची जागा घेतात. घरी बसलात तर दर सोमवारी क्रमांक घसरतो. वर्षभर बाहेर राहिलेल्या खेळाडूचं नाव यादीतून जवळपास पुसलंच जातं.

म्हणून एक सोय आहे, प्रोटेक्टेड रँकिंग. पुरुषांमध्ये किमान सहा महिने दुखापतीनं बाहेर असलात तर दुखापतीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांतल्या क्रमांकाची सरासरी काढून ती तुमच्यासाठी राखून ठेवतात. परत आल्यावर तो क्रमांक दाखवून ठरावीक स्पर्धांत प्रवेश मिळतो. मानांकन मात्र त्यावर मिळत नाही, आणि मुदतही ठरलेली असते, साधारण नऊ ते बारा महिने. बसमध्ये सीटवर रुमाल टाकून ठेवतात तसं. पण रुमाल फार वेळ कुणी राहू देत नाही.

महिलांमध्येही असाच नियम आहे, आणि बाळंतपणालाही तो लागू होतो. सानियाला २०१८ मध्ये मुलगा झाला. २०२० च्या जानेवारीत परतली आणि होबार्टला युक्रेनच्या नादिया किचेनोकबरोबर दुहेरी जिंकून आली. टोकियो ऑलिंपिकसाठी तिचा राखीव क्रमांक होता ९. त्या एका आकड्यामुळे ती दुहेरीत पात्र ठरली आणि जोडीला अंकिता रैनाला घेता आलं. अंकिता गुजरातची, पण खेळाडू म्हणून पुण्यात घडलेली. पहिल्याच फेरीत समोर तीच नादिया, आपल्या जुळ्या बहिणीबरोबर. भारताच्या जोडीनं पहिला सेट ६-० घेतला आणि सामना ०-६, ७-६, १०-८ असा किचेनोक बहिणींनी नेला. राखीव क्रमांक दारापर्यंत घेऊन गेला. आतलं काम त्याचं नव्हतंच.

युकीचं मात्र दारापर्यंतही झालं नाही. टोकियोच्या एकेरीत छप्पन्न जागा क्रमांकावर भरायच्या होत्या, एका देशातून जास्तीत जास्त चार जण. नावं मागे घेतली जाऊ लागली तशी यादी खाली खाली सरकली आणि युकीच्या राखीव १२७ क्रमांकापर्यंत येऊन पोचली. अटलांटाला लिएंडर होता १२६ वर. पण युकीच्या गुडघ्यावर तेव्हाच शस्त्रक्रिया झालेली. जागा होती, पाय नव्हता. यादी पुढे सरकली आणि १४४ वर असलेल्या सुमित नागलला बोलावणं गेलं. नागलनं पहिल्या फेरीत उझबेकिस्तानच्या इस्तोमिनला हरवलं. ऑलिंपिकच्या एकेरीत भारतीय पुरुषानं सामना जिंकण्याची ही लिएंडरनंतरची पहिलीच वेळ, पंचवीस वर्षांनी. काही महिन्यांत नागलच्याही खुब्यावर शस्त्रक्रिया झाली. त्याचाही क्रमांक पार खाली गेला. तोही परत आला, २०२४ मध्ये पहिल्या शंभरात शिरला आणि पॅरिसला पात्र ठरला.

रात्री दीड वाजता मी हे सगळं वहीच्या मागच्या पानावर लिहून काढत होते. बँकेत काम करते, आकडे मांडल्याशिवाय मला सुचत नाही. दोन मनगटं, एक गुडघा, एक खुबा. पान भरल्यावर दिसलं की यात धैर्याचा रकाना कुठंच नाही. धैर्य चौघांकडेही होतं. फरक पडला तो वेळेमुळे. दुखापत शेवटच्या सामन्याआधी झाली की पहिल्या, शस्त्रक्रिया स्पर्धेच्या आधी किती आठवडे, गुण कधी गळणार, राखीव क्रमांकाची मुदत कधी संपणार. लिएंडरची गोष्ट सांगताना आपण मुलांना सांगतो की दुखणं सोसलं की जागा मिळते. बहुतेक वेळा जागा मिळते ती थांबल्यामुळे, आणि कधी कधी थांबूनही मिळत नाही.

आणि शालेय स्पर्धेत राखीव क्रमांक नसतो. हे सगळ्यात टोचलं. सोळा वर्षांच्या मुलीला दुखापत झाली तर तिच्या जागेवर रुमाल टाकायची सोय कुठल्याच नियमात नाही. वय थांबत नाही, गट थांबत नाही. मग माझ्यासारखी आई क्रेप बँडेज विकत घेते.

सकाळी ती स्वतःच स्वयंपाकघरात आली. मी वही तिच्यासमोर ठेवली. तिनं वाचलं. युकीच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "याचं मग काय झालं?"

मी सांगितलं. एकेरीत पुन्हा पहिल्या शंभरात आला नाही. दुहेरी खेळू लागला. २०२४ मध्ये म्युनिकची स्पर्धा जिंकला, २०२५ मध्ये अमेरिकन ओपनच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. सानियाही शेवटी दुहेरीतच जगात पहिली झाली, २०१५ मध्ये.

"म्हणजे एकेरी गेलीच ना," ती म्हणाली.

खोटं बोलावंसं वाटलं. बोलले नाही. "हो," म्हटलं. "त्यांची गेली."

ती बराच वेळ पट्ट्याचं वेल्क्रो काढत-लावत बसली. तो आवाज मला अजून ऐकू येतो. मग म्हणाली, "सरांना तू सांगशील का मी सांगू?"

तिनंच सांगितलं. सर नाराज झाले, पण म्हणाले, ठीक आहे. खालचे काका मात्र ऐकेनात. "अजी, एक सामना तर खेळून पाहू द्या पोरीले!" मी त्यांना बीजिंगची गोष्ट सांगितली. त्यांना ती माहीत नव्हती. गप्प बसले, मग म्हणाले, "हे कुणी सांगत नाही आपल्याले."

विभागाचे सामने झाले त्या दिवशी तिनं फोन बंद ठेवला होता. संध्याकाळी आम्ही दोघी सातव चौकापर्यंत चालत गेलो, भाजी घेतली, परत आलो. कोण निवडलं गेलं ते तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. रात्री तिच्या खोलीतून रडण्याचा आवाज आला. मी दाराशी गेले आणि परत आले. काही रडणी ज्याची त्याला रडू द्यावी लागतात.

सहा आठवडे झाले, मग डॉक्टरांनी आणखी दोन वाढवले. आता ती कोर्टवर जाते. पहिल्या दिवशी वीस मिनिटं, घड्याळ लावून. डिसेंबरातली सकाळ, गार वारा, कोर्टाच्या जाळीपाशी मी स्वेटर घालून उभी. फोरहँड मारताना अजूनही ती क्षणभर थबकते, चेंडू येतो त्याआधी. हे थबकणं जाईल असं डॉक्टर म्हणतात. पुढच्या वर्षी मोठ्या मुलींच्या गटात तिची शक्यता किती, हे मला सांगता येत नाही. वहीत तो आकडा मी रिकामा सोडला आहे.

वीस मिनिटं झाली की घड्याळ वाजतं. ती आणखी एक चेंडू मागते. मी नाही म्हणते आणि चेंडू गोळा करायला लागते.