२०२३ सालच्या माझ्या आवडी

२०२३ साली मला तीन गोष्टी फार आवडल्या. पहिली, टीव्हीवर पाहिलेले चांद्रयान-३. २३ ऑगस्टला सायंकाळी ते चंद्रावर उतरले, तेव्हा सगळी गल्ली ओरडली. दुसरी, राजा बढे यांचे ‘जय जय महाराष्ट्र माझा’. त्याच वर्षी ते राज्यगीत झाले.

तिसरी, साने गुरुजींचे ‘श्यामची आई’. माझ्या आईला वाचता येत नाही, म्हणून मी ते वाचून दाखवले. दिवसभर हळद वेचून ती रात्री ऐकायची. श्यामच्या पायांना माती लागू नये म्हणून त्याची आई ओचे पसरते, तिथे मला रडू आले. कारण पालकसभेत मला आईच्या पिवळ्या हातांची लाज वाटली होती. मी तिला ते सांगून टाकले. ती म्हणाली, “येडं हाय माझं लेकरू.”

यंदा सभेला मी तिला हात धरून आणणार आहे.