नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

मराठी भाषेतल्या एका टिंबाची मला नेहमी मौज वाटते. 'नाव ठेवणं' म्हणजे बारसं करणं आणि 'नावं ठेवणं' म्हणजे निंदा करणं. बाराव्या दिवशी मुलाला पाळण्यात घालायचं, आत्याबाईंनी त्याच्या कानात कुर्र करून नाव सांगायचं, घुगऱ्या वाटायच्या. आणि मग त्या बिचाऱ्याला उभा जन्म सगळ्या जगानं नावं ठेवायची! मध्ये फरक काय तो एका टिंबाचा. पण आपल्या पूर्वजांनी ही दोन्ही कामं एकाच शब्दावर भागवली ती केवळ आळसानं, असं मला वाटत नाही. ज्याला नाव नाही त्याला नावं ठेवता येत नाहीत, हे त्या शहाण्या माणसांना पक्कं ठाऊक असलं पाहिजे.

ही गोष्ट नव्यानं मनात यायचं कारण मात्र थोडं विचित्र आहे. गेले काही महिने मी युरोपातला एक कायदा वाचतो आहे. चकली-चिवड्याच्या ताटाशेजारी कायद्याचं पुस्तक पाहून वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, हे मी समजू शकतो. पण हा कायदा म्हणजे एक अवाढव्य बारसं आहे. युरोपीय संघानं तो १८ जून २०२० रोजी केला. कोणत्या उद्योगाला पर्यावरणाला धरून चालणारा, म्हणजे लोकांच्या भाषेत 'हिरवा', म्हणायचं, हे त्यात ठरवलं आहे. तिकडे त्याला टॅक्सॉनॉमी म्हणतात.

हा शब्द मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञांचा. झाडापाखरांची जातवारी लावणं हे त्यांचं काम. स्वीडनच्या लिनीअसनं १७५८ साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत देवमाशाला माशांच्या पंगतीतून उठवलं आणि सस्तन प्राण्यांत नेऊन बसवलं. आपण मराठी माणसं त्याला अजून देवमासाच म्हणतो. देवमाशाला दोन्हींचं सुखदुःख नाही. त्याची जात बदलल्यानं त्याचा एक घासही कमी-जास्त झाला नाही, आणि आपल्याला अमुक वर्गात घाला म्हणून त्यानं कुणाकडे वकीलही धाडला नाही. उद्योगधंद्यांचं तसं नसतं. 'हिरवा' हा शब्द अंगावर चढला की त्यामागून पैसा येतो. विम्याचे आणि निवृत्तिवेतनाचे मोठमोठे फंड तो शब्द पाहून रक्कम गुंतवतात. आणि हा कायदा होईपर्यंत तो शब्द ज्याचा त्यानं स्वतःच स्वतःला लावून घ्यायचा होता. आपलंच बारसं आपणच करायचं म्हटल्यावर कोण आपलं नाव दगडू ठेवील?

माझी एक भाची जर्मनीत पंप तयार करणाऱ्या एका कंपनीच्या हिशेबखात्यात नोकरीला आहे. कंपनी सात-आठशे माणसांची, पण तिचे भाग शेअरबाजारात आहेत, म्हणून या कायद्याखालचे तक्ते तिला सुरुवातीपासून भरावे लागले. ते काम भाचीकडे आलं. फोनवर ती मला ते समजावून सांगू लागली, आणि मी नादाला लागलो.

कायद्याची रीत अशी. त्यात सहा उद्दिष्टं सांगितली आहेत : हवामानातला बदल रोखणं, झालेल्या बदलाला तोंड द्यायची तयारी करणं, पाणी आणि समुद्र राखणं, वस्तू फेकून न देता पुन्हापुन्हा वापरात आणणं, प्रदूषण आवरणं आणि जीवसृष्टी जपणं. यांपैकी निदान एकाला तुमच्या उद्योगानं भरीव हातभार लावला पाहिजे. पण तेवढ्यानं भागत नाही. एकाला हातभार लावताना उरलेल्या पाचांपैकी एकालाही मोठी इजा होता कामा नये. शिवाय कामगारांचे आणि माणुसकीचे किमान हक्क पायदळी तुडवलेले चालत नाहीत. आणि हे सगळं 'आम्ही फार काळजी घेतो हो' असं म्हणून नव्हे, तर नेमून दिलेल्या मापानं सिद्ध करायचं.

मला यातली दुसरी अट फार आवडली. एका हातानं दान करून दुसऱ्या हातानं शेजाऱ्याचं कुंपण सरकवणारे गृहस्थ प्रत्येक गावात असतात, आणि गाव त्यांच्या दानाचीच गोष्ट सांगत राहतं. इथं तशी सोय ठेवलेली नाही. पाण्यापासून वीज करता ना? धूर होत नाही हे खरं. पण नदीतल्या माशांना वर-खाली जायला वाट ठेवली आहे का, आणि धरणाखाली नदी जिवंत राहील एवढं पाणी सोडता का, ते सांगा. समुद्रात पवनचक्क्या उभारता? छानच, पण पाण्याखाली होणाऱ्या आवाजानं जलचरांना किती त्रास होतो? कचेरीची नवी इमारत थोड्या विजेत भागते म्हणून तिला हिरवी म्हणायचं, तर तिच्यातल्या हात धुण्याच्या नळातून मिनिटाला सहा लिटरांहून जास्त पाणी वाहता कामा नये! एवढ्या मोठ्या खंडाचा कायदा नळाच्या तोटीपर्यंत येऊन पोचतो, हे वाचून मला प्रथम हसू आलं. मग लक्षात आलं, की घर चालवणाऱ्या कोणत्याही बाईला यात हसण्यासारखं काही दिसणार नाही. काटकसर तोटीपाशीच होते. वरच्या मजल्यावर होतं ते भाषण.

आणखी एक गमतीची गोष्ट. या कायद्यात 'पात्र' आणि 'अनुरूप' असे दोन वेगळे शब्द आहेत. तुमच्या धंद्याचं नाव यादीत असलं की तो पात्र. आणि सगळ्या कसोट्यांना उतरला की अनुरूप. भाचीनं मला हे तीनदा सांगितलं तरी माझ्या डोक्यात शिरेना. अखेर मीच म्हटलं, "म्हणजे मुलगा उपवर असणं वेगळं आणि लग्न ठरणं वेगळं, असंच ना?"

ती खळखळून हसली. "अगदी तसंच, मामा. आमच्या साहेबांना हेच समजावता समजावता माझा घसा बसला."

साहेबांचंही फारसं चुकत नव्हतं. त्यांचा नवा पंप जुन्यापेक्षा खरोखरच कमी वीज खातो. पण कायदा विचारतो, बाजारातल्या सर्वांत चांगल्या पर्यायाहून हा किती सरस? तो घडवल्यापासून मोडीत निघेपर्यंत वातावरणात कर्बवायूंची किती कमी भर पडते, याचा हिशेब मांडा आणि त्यावर त्रयस्थाची सही आणा. तसा दाखला कंपनीजवळ नव्हता. विक्री, भांडवली खर्च आणि चालू खर्च असे तीन रकाने होते. त्यांत अनुरूप भाग किती टक्के, ते लिहायचं होतं. भाचीनं तिन्ही ठिकाणी शून्य लिहिलं.

"पंप चांगला आहे ना?" मी विचारलं.

"चांगलाच आहे. पण चांगला आहे हे मला माहीत असणं आणि तसं लिहिण्याचा मला अधिकार असणं, यात फरक आहे."

त्या तीन शून्यांचं मला फार कौतुक वाटलं. टाळ्या मिळवून देणारे आकडे कुणीही लिहितो. आपल्याच मालापुढे, पगार देणाऱ्या माणसादेखत, खरं शून्य लिहायला मन घट्ट लागतं.

पण या बारशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ३१ डिसेंबर २०२१ च्या रात्री, सारा युरोप नव्या वर्षाच्या स्वागताला सजला असताना, ब्रुसेल्सहून सदस्य देशांच्या सरकारांकडे एक मसुदा गेला. अणुवीज आणि नैसर्गिक वायूपासून होणारी वीज यांनाही काही अटींवर त्या यादीत घ्यावं, असं त्यात होतं. नाव आधी कानातच सांगायचं असतं, हे खरं. पण इतक्या हळू? फ्रान्सची निम्म्याहून कितीतरी जास्त वीज अणुभट्ट्यांतून येते, तेव्हा त्याला अणुवीज हवी होती. जर्मनी आपल्या अणुभट्ट्या बंद करत आणला होता आणि कोळसा सोडायला मधला पूल म्हणून त्याला वायू हवा होता. एरवीच्या विजेला एका युनिटमागे शंभर ग्रॅम कर्बवायूंची मर्यादा. वायूच्या विजेला मात्र २०३० पर्यंत परवाना मिळालेल्या केंद्रांपुरती २७० ग्रॅमपर्यंत मोकळीक. आयोगानंच नेमलेल्या तज्ज्ञांच्या मंडळानं याला विरोध केला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि वायू या शब्दाला निराळाच वास येऊ लागला. तरीही ६ जुलै २०२२ रोजी युरोपच्या संसदेत मसुदा फेटाळण्याच्या बाजूनं २७८ आणि विरुद्ध ३२८ मतं पडली, आणि दोघांनाही पाळण्यात घालण्यात आलं.

मग ऑस्ट्रिया कोर्टात गेला. हा देश मोठा विलक्षण. त्वेन्टेनडॉर्फ इथं त्यानं एक अख्खी अणुवीजभट्टी बांधून पुरी केली, आणि १९७८ साली जनतेला विचारलं, सुरू करू का? जनतेनं अगदी थोड्या मतांच्या फरकानं 'नको' म्हटलं आणि भट्टी एक दिवसही पेटली नाही. असा देश गप्प कसा राहील? सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या जनरल कोर्टानं त्याचा दावा फेटाळला.

हा सारा इतिहास वाचून माझे एक स्नेही म्हणाले, "पाहिलंत? शेवटी ज्याच्या हाती सत्ता, त्याच्या तोंडी व्याख्या. कशाला ही यादी नि ते नळ?" त्यांचा उद्वेग मला कळतो. पण मला नेमकं उलटं वाटतं. पूर्वी कुणी वायूला हिरवा म्हटलं असतं, तर त्याच्याशी भांडायचं कुठं? माहितीपत्रकावर छापलेल्या हिरव्या पानाविरुद्ध कोणत्या कोर्टात जायचं? इथं व्याख्या लिहिलेली होती, ग्रॅम ठरलेले होते. म्हणूनच तज्ज्ञांना 'हे चुकीचं आहे' असं म्हणता आलं, खासदारांना मत द्यावं लागलं, एका छोट्या देशाला दावा लावता आला. चारचौघांत नाव ठेवलं होतं, म्हणूनच नावं ठेवता आली. चुकीची का होईना, पण उघड व्याख्या सुधारता येते. खासगी कौतुकाला सुधारणा नसते.

म्हणूनच पुढं जे झालं त्याची मला अधिक काळजी वाटते. तक्ते फार झाले, छोट्यांचा जीव मेटाकुटीला आला, अशी ओरड सुरू झाली. तीत तथ्यही होतं. एका ओळीच्या उत्तरासाठी चार दिवस खपल्याचं भाची मला सांगत असे. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगानं ओझं उतरवायचा प्रस्ताव आणला. जुलैमध्ये तक्त्यांतल्या रकान्यांची संख्या कारखानदारांसाठी ६४ टक्क्यांनी घटवायचं ठरलं. डिसेंबरात तडजोड होऊन, एक हजाराहून जास्त नोकर आणि ४५ कोटी युरोंहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांपुरताच हा अहवालाचा जाच राहावा, असं ठरलं. रकाने कमी झाले याचं मला दुःख नाही. पण ज्यांना मोजायलाच नको, ते गप्प बसतील असं थोडंच आहे?

भाचीचा फोन आला. "मामा, आमची कंपनी सुटली. यंदा शून्य लिहायला नको."

"मग आता मोकळी झालीस!"

ती थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "नव्या माहितीपत्रकाचा नमुना टेबलावर आलाय. पंपामागे एक हिरवं पान काढलंय. चार वर्षं ते पान नव्हतं."

"तू काय केलंस?"

"पानाखाली एक ओळ मागितलीय. कशाच्या मानानं आणि किती, ते लिहा म्हटलं. अजून उत्तर नाही."

ते उत्तर काय येईल, मला सांगता येत नाही. पण कायद्यानं सोडलेली कसोटी एका मुलीनं अजून धरून ठेवली आहे, आणि ती धरण्यात तिला काही लाभ नाही, एवढं मला कळलं. मापाची सवय एकदा हाताला लागली की माप काढून घेतलं तरी हात चुकल्यासारखा होतो. दूधवाल्याचं माप अर्ध्या आयुष्यात पाहिलेल्या गृहिणीला भांडं पाहूनच दूध कमी भरल्याचं कळतं, तसंच हे.

आपल्याकडेही हे बारसं जवळ आलं आहे. हवामानाच्या कामी लागणाऱ्या पैशासाठी भारताचं स्वतःचं वर्गीकरण असावं, म्हणून अर्थमंत्रालयानं मे २०२५ मध्ये एक मसुदा काढला आणि त्यावर लोकांच्या सूचना मागवल्या. आपले प्रश्न युरोपाहून निराळे आहेत. उसाच्या मळीपासून केलेल्या इथेनॉलनं पेट्रोल वाचतं हे खरं; पण तो ऊस ज्या विहिरीचं पाणी पितो, ती मराठवाड्यात असली तर त्या इथेनॉलला काय म्हणायचं? धरणाच्या विजेचा हिशेब मांडताना बुडालेल्या गावांचा रकाना कुठं ठेवायचा? ही उत्तरं ब्रुसेल्सहून आणता येणार नाहीत. ती इथंच, आपल्या ग्रॅमांत आणि आपल्या लिटरांत शोधावी लागतील.

बारशाचं आमंत्रण असलं म्हणजे घुगऱ्या खाऊन परतणं ही आपली रीत. या बारशाला मात्र थोडं थांबावं, पाळण्याजवळ जावं आणि कानात काय सांगितलं ते मोठ्यानं विचारून घ्यावं. नावं ठेवायचा आपला हक्क तिथूनच सुरू होतो.