पाव इंचाचा गंधार

आमच्या घरी एका गंधारावरून सहा महिने अबोला होता, असे सांगितले तर आपण हसाल. पण वीतभर बांधासाठी भाऊ भावाचा वैरी होतो. आमचे भांडण तर उण्यापुऱ्या पाव इंचाचे होते!

एका पावसाळ्यात वडिलांची जुनी सतार मी माळ्यावरून काढली. पाचोडच्या उन्हाळ्यांनी पडद्यांचे दोरे सैल पडले होते. ते नव्याने बांधले आणि मोबाइलमधल्या सूर मोजणाऱ्या काट्यासमोर बसून एकेक पडदा ‘शास्त्रशुद्ध’ जागी सरकवला. सतार मोठ्या अभिमानाने मुलीच्या हाती दिली.

“बाबा, गंधार चढा लागतोय,” ती म्हणाली.

“यंत्र खोटं बोलत नाही. कान तयार कर!” मी निकाल दिला. वीस वर्षे मुलांच्या वह्यांवर तांबड्या रेघा ओढल्या की माणसाला आपल्या हातून चूक होईल असे वाटेनासे होते.

सतारीवर तार ओढून सूर चढवता येतो, पडद्याच्या खाली मात्र उतरवता येत नाही. बिचारी करणार काय? आधी ती गंधार टाळू लागली. दिवाळीत तिने सतारच टाळली. आणि मग मलाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघे सतार घेऊन मिरजेला गेलो. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराने तिथे तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. गल्लीतल्या एका वृद्ध कारागिराने सतार मांडीवर घेतली. आधी बाजाची तार बदलली. “तार म्हातारी झाली की तोच पडदा आज चढा बोलतो, उद्या उतरा.” मग तारेच्या बरोबर मध्यावर हलकेच बोट टेकवून त्याने मध्यम काढला आणि पडद्यावरच्या मध्यमाशी ताडून पाहिला. “घोडी जागेवर आहे. ती सरकली असती तर वरवरचे पडदे जास्त जास्त बेसूर झाले असते.” मग त्याने सगळे पडदे वाजवले आणि मिस्कीलपणे माझ्याकडे पाहिले. “सा, म, प ठीक. ग, ध, नी तेवढे चढे. पेटीवर लावलेत का?”

माझा काटा पेटीचाच भाऊबंद! तो सप्तकाचे बारा समान भाग करतो. षड्जाची तार छत्तीस इंच धरली तर शुद्ध गंधाराला तिची २८.८ इंच लांबी बोलली पाहिजे. समान भागांच्या हिशेबात ती भरते सुमारे २८.५७ इंच. फरक पाव इंचाहूनही कमी!

कारागिराने तंबोऱ्याचा खर्ज छेडला. “ऐक बाळ, यात आणखी काय आहे?”

मुलीने डोळे मिटले. “गंधार.”

खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा तो स्वयंभू गंधार. कोणी न लावलेला, म्हणूनच खरा. तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला तो आमच्याच जिल्ह्यातल्या देवगिरीला. आणि मी त्याच जिल्ह्यात बसून मुलीच्या कानापेक्षा मोबाइलवर विश्वास ठेवला होता!

म्हाताऱ्याने तंबोरा ऐकत अंगठ्याने पडदा मेरूकडे सरकवला. सूर मिळाला तिथे तो थांबला. मी वाकून पाहिले. दांडीच्या कडेला जुन्या दोऱ्याची फिकट रेघ होती. वडिलांचा पडदा तिथेच होता. ती खूण मीच ओलांडली होती. पेटीचा पडदा चुकला तर चुकलाच. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधतात, म्हणून ते परत फिरू शकतात.

‘पोरी, माझाच कान कच्चा होता,’ हे वाक्य मी मिरजेपासून पाचोडपर्यंत मनात जुळवत आलो. एरवी वर्गात तास तास बोलणारा मी. पण ते काही ओठांवर येईना. घरी आल्यावर तिने सतार घेतली आणि कोपऱ्यातला तंबोरा माझ्याकडे सरकवला.

“बाबा, तुम्ही सूर धरा.”